नगरचा समुद्र

नगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा. त्यात कळसूबाई आहे, शिर्डी आहे, साखर कारखाने आहेत, भंडारदऱ्याचं पाणी आहे आणि आमच्या पारनेरचा दुष्काळही आहे. समुद्र तेवढा नाही. माझ्या आजीने आजवर समुद्र पाहिलेला नाही आणि त्याचं तिला काही वाटतही नाही. मी पहिल्यांदा समुद्र पाहिला तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी, मित्रांबरोबर, अलिबागला. तेव्हा आम्ही फक्त फोटो काढले होते.

(2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. घरात अजून सगळे नगरच म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. शिवाय ज्या काळाबद्दल लिहायचं आहे त्या काळात अहिल्याबाईंचा जन्म व्हायला दीडशे वर्षं अवकाश होता.)

पण एके काळी नगरला समुद्र होता. निजामशाहीची राजधानी घाटावर नगरला आणि बंदर खाली चौलला. अरबस्तानातून आणि इराणातून घोडे यायचे ते चौलला उतरायचे आणि घाट चढून देशावर जायचे. दख्खनच्या कुठल्याही सुलतानाला घोड्यांशिवाय राज्य करता येत नव्हतं आणि दख्खनच्या हवेत चांगले घोडे निपजत नव्हते. निजामशाही स्थापन होण्याच्या वीसेक वर्षं आधी अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी असाच एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि जुन्नरला गेला. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर घोडाही देतो, वर मोहराही देतो, असं सांगितलं. एका खुरासानी व्यापाऱ्याने मध्ये पडून घोडा सोडवला आणि निकितिनचा धर्म वाचला. त्याचं छोटं स्मारक रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात आहे.

रेवदंडा म्हणजे खालचं चौल, पोर्तुगीजांचं चौल. 1521 मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना इथे कोट बांधायची परवानगी दिली. वरचं चौल नगरच्या सुलतानाचं, खालचं पोर्तुगालच्या राजाचं, असा शेजार पुढे बराच काळ चालला, आणि शेजारात होतं ते सगळं झालं.

हे सगळं मी गेल्या डिसेंबरात वाचलं, कारण सलग तीन सुट्ट्या होत्या आणि गोव्याची तिकिटं महाग होती. पुण्याहून एसटीने अलिबाग, तिथून मुरूडच्या गाडीने रेवदंडा. हा रस्ता कोटाचा तट फोडूनच गावात शिरतो. गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना तटाची कापलेली जाडी दिसते आणि लगेच पुढे किराणा दुकान, मोबाइल रिचार्ज, मच्छीचा वास. गाव कोटाच्या आत आहे. पडक्या चर्चच्या भिंतीला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि तटाच्या दगडावर कुणाच्या तरी गोधड्या वाळत असतात. किल्ला म्हटल्यावर मला हरिश्चंद्रगडासारखं काहीतरी डोळ्यांसमोर येतं, रिकामं आणि वाऱ्याचं. रेवदंड्याचा कोट तसा नाही. तो वापरात आहे. सातखणी मनोऱ्याचे आता चारच मजले उरलेत. त्याच्या पायथ्याशी गंजलेल्या तोफा पडल्यात आणि त्यांच्यावर बसून पोरं मोबाइलवर गेम खेळत होती.

मनोरा पाहून बाहेर आलो, तर रस्त्याकडेला एक काका शहाळी विकत होते. सत्तरीचे असावेत. कोयत्याने शहाळं तासता तासता त्यांनी विचारलं, "कुठले?"

"नगरचे."

कोयता हवेत थांबला. "म्हणजे तुम्हीच काय आम्हाला वेढा घातलेला?"

आणि हसले. मीही हसलो आणि जरा घाईतच म्हणालो, "आम्ही नाही हो काका. तो निजामशहा."

"निजामशहा काय रेवदंड्याचा होता?" काका म्हणाले, आणि शहाळ्यात स्ट्रॉ खोचून माझ्या हातात दिलं. चाळीस रुपये.

विनोद होता. त्यांनी तो नगर-पुण्याच्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवला असणार. पण मी समुद्रावर जाऊन बसलो तरी माझं ते "आम्ही नाही" काही डोक्यातून जाईना. कारण त्याच्या दोनच आठवडे आधी, ऑफिसात, मी याच्या बरोबर उलटं बोललो होतो.

आमच्या टीममध्ये एक मुलगी बंगळुरूची आहे. जेवताना विषय गावांवर आला आणि तिने विचारलं, नगरला बघण्यासारखं काय आहे? मी पाच मिनिटं चांदबीबीवर बोललो. अकबराचा मुलगा मुराद सैन्य घेऊन आला, सुरुंगाने किल्ल्याचा तट पाडला, आणि आमची चांदबीबी स्वतः खिंडारात उभी राहिली आणि तिने रातोरात तट पुन्हा उभा केला. मी "आमची" म्हणालो होतो. मला ते आठवतं कारण ती मुलगी म्हणाली होती, "चांदबीबी तर आमची, विजापूरची!" आणि आम्ही त्यावर थोडं भांडलोही होतो. चांदबीबी नगरची लेक आणि विजापूरची सून, तेव्हा दोघंही बरोबर होतो.

आता तारखा पाहा. मुरादचा वेढा 1595-96 चा. रेवदंड्याचा वेढा 1570-71 चा. मध्ये फक्त पंचवीस वर्षं. रेवदंड्याला वेढा घालणारा मुर्तजा निजामशहा हा चांदबीबीचा सख्खा भाऊ. त्याच वेळी, आधी ठरवून, गोव्याला वेढा घालून बसलेला अली आदिलशहा हा तिचा नवरा. म्हणजे एका घरातली बहीण माझी, भाऊ माझा नाही. किल्ला राखणारी आमची, किल्ल्यावर चालून जाणारा "तो निजामशहा".

शाळेच्या सहलीत आम्हाला चांदबीबी महाल दाखवायला न्यायचे. शहा डोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत, नगरच्या प्रत्येक पोराच्या वहीत तिचं चित्र असतं. तिचा चांदबीबीशी काही संबंध नाही. ती सलाबतखानाची कबर आहे, आणि सलाबतखान हा मुर्तजाचाच वजीर. आम्ही मुर्तजाच्या वजिराच्या कबरीवरून त्याचं नाव पुसून मुर्तजाच्या बहिणीचं नाव ठेवलं. शिक्षकांनी खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक तसं म्हणत आले. पण शहाळेवाल्या काकांसमोर मी अर्ध्या सेकंदात जे केलं तेच आमच्या गावाने सावकाश, दोन-तीनशे वर्षं घेऊन केलं होतं.

यावर माझं पहिलं उत्तर असं होतं की मी माणसं निवडत नाही, गुण निवडतो. चांदबीबी स्वतःचं शहर राखत होती, मुर्तजा दुसऱ्याचं घ्यायला गेला होता. पहिल्याचा अभिमान वाटावा, दुसऱ्याचा वाटू नये, यात विसंगती कुठे आहे? आजोबांचा आवाज चांगला होता हे आपण कौतुकाने सांगतो, ते पत्त्यांत पैसे हरायचे हे सांगत नाही.

हे उत्तर मला साधारण अर्धा तास पुरलं. मग लक्षात आलं की ते खरं असेल तर मला त्या पोर्तुगीज कप्तानाचाही अभिमान वाटायला हवा. 1570 च्या अखेरीस नगरची फौज आली तेव्हा रेवदंड्याच्या वस्तीला धड तटही नव्हता. आज दिसतो तो तट बराचसा वेढ्यानंतरचा, म्हणजे एका अर्थी आमच्यामुळेच बांधलेला. पोर्तुगीज लेखक नगरच्या फौजेचा आकडा लाखाच्या वर नेतात. त्यातलं निम्मं अतिशयोक्ती म्हणून सोडून दिलं तरी आतली माणसं फारच थोडी होती. लुईश फ्रेयर द आंद्राद नावाच्या त्यांच्या कप्तानाने घराघराचा बुरूज केला, पडलेल्या भिंती रात्रीतून उभ्या केल्या आणि सहा-सात महिने बंदर राखलं. 1571 च्या पावसाळ्यात तह झाला आणि नगरची फौज परत गेली. फिरिश्ता हा इतिहासकार नगरच्या दरबारातच वाढलेला. तो म्हणतो, निजामशहाचे सरदार फितले, आणि पोर्तुगीजांनी त्यांना फितवलं ते मुख्यतः दारू पाठवून. (हे वाचून मला पहिल्यांदा मुर्तजाबद्दल थोडी माया वाटली.)

तर खिंडारात उभं राहणं, रातोरात भिंत उभारणं, मूठभर माणसांनिशी मोठी फौज परतवणं: चांदबीबीचे गुण ते सगळे आंद्रादमध्ये आहेत. मला गुणच आवडत असते तर मी ऑफिसात त्याचीही गोष्ट सांगितली असती. मला त्याचं काही वाटत नाही. का, तर तो माझा नाही. म्हणजे माझा अभिमान गुणांवर नव्हता, "माझा" या शब्दावर होता. आणि तो शब्द एकदा वापरला की मग मुर्तजाला दाराबाहेर कसं ठेवायचं?

दुसरा मार्ग सरळ आहे. दोघंही माझे नाहीत. मी एकोणतीस वर्षांचा, पुण्यात नोकरी करणारा, माझ्या घरात निजामशाहीतलं पितळेचं भांडंसुद्धा नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी त्याच जिल्ह्यात कुणीतरी काहीतरी केलं, त्याचा अभिमानही नको आणि लाजही नको. माझ्या वयाच्या, माझ्या धंद्यातल्या बहुतेकांचं मत असंच असतं आणि ते स्वच्छ आहे. आमच्याकडे जुन्या कोडमधल्या प्रत्येक ओळीपुढे ती कुणी लिहिली त्याचं नाव दिसतं. आपलं नाव नसेल तर आपण सुटलो. पण हेही तितकंसं खरं नाही. रात्री तीनला सर्व्हर पडला आणि त्या आठवड्याची ड्युटी माझी असली, तर ती ओळ सात वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्याने लिहिली होती, हे सांगून मला परत झोपता येत नाही. दोष त्याचा. काम माझं.

कार्ल यास्पर्स या जर्मन तत्त्वज्ञाने दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, 1946 मध्ये, याच भेदावर एक पुस्तक लिहिलं. गुन्हा ज्याचा त्याचा असतो, तो वारशाने येत नाही, पण ज्या राज्याचे आपण नागरिक असतो त्याने केलेल्याची जबाबदारी अंगावर येते, असं काहीसं त्याचं म्हणणं. मी ते पूर्ण वाचलेलं नाही, वाचायला घेतलं आहे. त्याच्यासमोरचे जर्मन जिवंत होते, मेलेल्यांचे नातेवाईक जिवंत होते. निजामशाही 1636 मध्ये संपली. तिची जबाबदारी घ्यायला राज्य नाही आणि मागायला कुणी फिर्यादी नाही. मला यास्पर्सपेक्षा माझे वडील जास्त उपयोगी पडले.

आमची गावाकडे थोडी जमीन आहे. आजोबा गेल्यावर काही वर्षांनी वडिलांनी सरकारी मोजणी आणली, कारण शेजारच्या भाऊबंदाशी बांधावरून नेहमीची कुरबुर होती आणि वडिलांना खात्री होती की आपली जमीन कमी भरणार. मोजणीत उलटं निघालं. दीड गुंठा आमच्याकडे जास्त होता. आजोबांनी वर्षानुवर्षं नांगरताना बांध कोरला होता. दर पेरणीला एक तास आत, कुणाच्या लक्षातही येणार नाही इतका. भाऊबंदाला ते सिद्ध करता आलं नसतं, आणि मोजणी आम्हीच आणलेली. काका म्हणाले, राहू दे, आबांनी केलं ते आबांबरोबर गेलं. वडील गप्प होते. मग म्हणाले, "बांध मी नाही कोरला. पण त्याच्यावरचं पीक मी खाल्लंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बांध सरकवला. मी तेव्हा दहावीत होतो. मला आठवतं ते एवढंच की त्यांनी आजोबांना एका शब्दानेही नावं ठेवली नाहीत आणि भिंतीवरचा आजोबांचा फोटोही काढला नाही. श्राद्ध दरवर्षी तसंच होत राहिलं. आजोबा त्यांचे होते, फोटोसकट आणि दीड गुंठ्यासकट.

रेवदंड्याच्या वाळूत बसून मी स्वतःला विचारलं की मी पीक खाल्लंय का? मुर्तजाच्या वेढ्यातून मला काय मिळालं? काही नाही. वेढा फसलाच होता. पण मग आठवलं, ऑफिसातली ती पाच मिनिटं. मी बोलत होतो आणि पाच-सहा जण ऐकत होते. पुण्यात नगरचा म्हणून माझी एरवी थट्टा होते, भाषेवरून होते, त्या पाच मिनिटांत मी मोठ्या शहराचा माणूस होतो. ते पीकच होतं. चांदबीबीने पेरलं, मी खाल्लं. आणि ज्या वावरात ते उगवलं तिथलाच बांध तिच्या भावाने कोरलेला होता.

हे फार ताणतोय, असं कुणी म्हणेल. एका विनोदावरून इतकं? खरं आहे. पण "आपलं" आणि "त्यांचं" हे शब्द गेली काही वर्षं आपल्याकडे किती सहज आणि किती जोरात वापरले जातात ते आपण पाहतोय. निजामशाही आपली की त्यांची, हा प्रश्न आता नगरमध्ये चहाच्या टपरीवरही विचारला जातो आणि उत्तर विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून दिलं जातं. मला त्या भांडणात पडायचं नाही. एवढंच सांगतो की नगरमध्येच शाह शरीफांचा दर्गा आहे. मालोजीराजांनी तिथे नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरेने सांगतात. तेच शहाजी पुढे निजामशाही बुडत असताना एका लहान वारसाला गादीवर बसवून ती शेवटपर्यंत वाचवायला धडपडले. ज्याला बांध नीट दाखवता येईल त्याने दाखवावा.

मराठीत एक सोय आहे जी मला इंग्रजीत ऑफिसचे मेल लिहिताना नेहमी जाणवते. "आम्ही" आणि "आपण". "आम्ही" म्हटलं की समोरचा बाहेर, "आपण" म्हटलं की समोरचा आत. काकांनी "तुम्हीच काय आम्हाला" असं विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःला आत घेतलं होतं आणि मला बाहेर. पण त्यांचं "आम्ही" तरी काय होतं? वेढ्यात आत अडकलेले पोर्तुगीज त्यांचे पूर्वज नव्हते. त्यांचे पूर्वज असलेच तर वाडीतले माळी असतील, मचव्यावरचे खलाशी असतील, किंवा पोर्तुगीज घरांतले गुलामही असतील. ज्यांना कुठल्या बाजूने असावं हे कुणी विचारलं नव्हतं, अशी माणसं. आणि तरी काका निवांतपणे "आम्हाला वेढा घातला" म्हणाले. ते त्या तटाच्या आत राहतात, आत त्यांची वाडी आहे, एवढं त्यांना पुरतं.

दुसऱ्या दिवशी कोर्लईला गेलो. रेवदंड्याच्या पुढे कुंडलिकेची खाडी आहे. पूल ओलांडला की साळाव, आणि पुढे समुद्रात घुसलेली एक लांब, अरुंद टेकडी. तीच कोर्लई. दीपगृहापासून पायऱ्या चढून वर गेलं की किल्ल्याच्या सोंडेवर पोचतो. दोन्ही बाजूंना पाणी, एकामागून एक दरवाजे, मध्ये पडकं चॅपल, पोर्तुगीज लेखांचे दगड. वरून रेवदंडा स्पष्ट दिसतो. इतका स्पष्ट की तोफ ठेवायला यापेक्षा चांगली जागा नाही हे माझ्यासारख्यालाही कळतं. मुर्तजाचा धाकटा भाऊ, दुसरा बुऱ्हाण निजामशहा, यालाही ते कळलं होतं. त्याने इथे किल्ला बांधला आणि खाडीपलीकडच्या रेवदंड्यावर तोफा डागायला सुरुवात केली. हाही चांदबीबीचा भाऊच.

1594 च्या सप्टेंबरात पोर्तुगीजांनी, वसईहून वगैरे कुमक आणून, कोर्लईवर हल्ला केला आणि किल्ला घेतला. नंतर कत्तल झाली. मेलेल्यांचे आकडे पोर्तुगीज लेखकच देतात आणि ते हजारांत आहेत. पळायला जागा नव्हती हे त्या सोंडेवर उभं राहिलं की दिसतं. एका बाजूला खाडी, एका बाजूला समुद्र.

मी वर साधारण दोन तास होतो. माझ्याशिवाय एक जोडपं आणि एक ड्रोनवाला. मला तिथे जे वाटलं ते लाज नव्हतं. त्या माणसांचं कुणी नाही, असं वाटलं. पोर्तुगीजांसाठी ते हरलेले शत्रू. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात त्यांना जागा नाही, कारण निजामशाही हा शिवकाळाच्या आधीचा एक परिच्छेद असतो. कोर्लईकरांसाठी ते परके. ते देशावरून आलेले असणार. दख्खनी मुसलमान, हबशी, आणि निजामशाहीच्या फौजांत मराठे असतच, तेव्हा मराठेही. घाट उतरून पहिल्यांदाच समुद्र पाहणारा एखादा पारनेरचाही असेल. त्यांना "आपले" म्हणायला जगात कुणाला कारण असेल तर ते माझ्या जिल्ह्यातल्या माणसाला आहे. आणि मी आदल्या दिवशी काकांना म्हणालो होतो, आम्ही नाही.

अभिमान सोडून द्यावा आणि मोकळं व्हावं, हा स्वच्छ मार्ग मला तिथे नकोसा झाला तो यामुळे. चांदबीबीला सोडणं सोपं आहे, तिला माझी गरज नाही. तिच्यावर नाटकं आहेत, तिच्या नावाने दुसऱ्याच्या कबरीवरही लोक जातात. पण मी "दोघंही माझे नाहीत" म्हणालो तर या सोंडेवरच्या माणसांचा उरलासुरला एक जण कमी होतो. वडिलांनी आजोबांचा फोटो का काढला नाही, हे मला पंधरा वर्षांनी थोडंसं कळलं असावं.

आम्ही म्हणायचं तर मग सगळ्यांना धरून म्हणायचं. चांदबीबी, मुर्तजा, दारूवर फितलेले सरदार आणि कोर्लईवर मेलेले, ज्यांचं नाव कुणाला माहीत नाही ते. मी ठरवलं की खाली जाताना रेवदंड्यात थांबायचं आणि काकांना सांगायचं की हो, आम्हीच घातला वेढा. मनातल्या मनात वाक्यही जुळवलं. जरा हसत म्हणायचं, म्हणजे फार नाटकी वाटणार नाही.

खाली कोर्लई गावात उतरलो. हे गाव वेगळंच आहे. इथल्या ख्रिश्चन वस्तीत पोर्तुगीजमधून तयार झालेली एक भाषा अजून बोलतात. 1740 च्या तहाने पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांना देऊन टाकली. अधिकारी गेले, पाद्री गेले, शेतकरी राहिले आणि त्यांच्याबरोबर भाषा राहिली. हजारेक माणसांची भाषा, पावणेतीनशे वर्षं चारी बाजूंनी मराठी असताना. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. लोक स्वतः तिला "नॉ लिंग" म्हणतात. मराठी कानाला ते चमत्कारिक वाटतं, पण अर्थ साधा आहे: आपली भाषा. कुणाची, कुठून आलेली, कुठल्या बाजूची, यातलं काही त्या नावात नाही. (आणि आपण हसायचं कारण नाही. चावी, पगार, बटाटा, पाव, बिजागरी हे सगळं आपण त्याच बोटींवरून उतरवून घेतलं आहे. मी महिन्याच्या शेवटी ज्याची वाट बघतो तो शब्द पोर्तुगीज आहे.)

रस्त्याला लागून एक आजी सुकी मासळी घेऊन बसल्या होत्या. बाजूला चार-पाच वर्षांची नात. आजी नातीशी त्या भाषेत बोलत होत्या, माझ्याशी मराठीत. मी सुकट पाहू लागलो. आमच्याकडे सुकट सगळ्यांनाच आवडते. देशावर ताजी मासळी कुठली, त्यामुळे आमच्यासाठी समुद्र म्हणजे सुकटच.

"कुठून आलात?" आजींनी विचारलं.

मी तयारच होतो. सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "नगरहून."

आजींनी जरा विचार केला. मी वाट पाहिली.

"नगर म्हणजे शिर्डीच्या बाजूला ना?"

"हो," मी म्हणालो. "शिर्डीच्या बाजूला."

"माझा भाऊ जाऊन आलाय," आजी म्हणाल्या. "गर्दी फार. किती देऊ, पाव किलो?"

"अर्धा किलो द्या."

नातीने काहीतरी विचारलं. आजींनी तिला त्यांच्या भाषेत उत्तर दिलं आणि माझ्याकडे हात केला. त्यात मला "नगर" तेवढं कळलं. नातीने ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं, नगर, नगर, आणि मासळीवर बसलेल्या माश्या हाकलायला लागली.

परत येताना रेवदंड्यात उतरलो, तर काकांची गाडी जागेवर नव्हती. शेजारचा म्हणाला, ते दुपारनंतर नसतात. शहाळ्याच्या टरफलांचा ढीग तेवढा होता. अलिबागहून पुण्याची शेवटची गाडी पकडायची होती, म्हणून थांबलो नाही. एसटीत माझ्या सॅकमधून सुकटीचा वास येत होता आणि पुढच्या सीटवरच्या बाईंनी पनवेलच्या आधीच खिडकी उघडली.